विश्लेषण : अमेरिकेच्या ‘ग्लोबल एन्ट्री’च्या मुलाखतीत नेमके काय तपासले जाते?

मुंबईहून पंधरा-सोळा तासांचा प्रवास करून न्यूअर्क किंवा न्यूयॉर्कला उतरावे आणि इमिग्रेशनच्या रांगेत आणखी तास-दीड तास उभे राहावे, हा अनुभव अमेरिकेत ये-जा करणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा आहे. ही रांग टाळण्याचा एक अधिकृत मार्ग भारतीय नागरिकांसाठी २०१७ पासून खुला आहे. तो म्हणजे ‘ग्लोबल एन्ट्री’. मात्र त्याचे सदस्यत्व मिळण्याआधी अमेरिकी अधिकाऱ्यासमोर एक छोटी मुलाखत द्यावी लागते. ती साधारण दहा-पंधरा मिनिटांची असते, पण तिच्यावर पुढच्या पाच वर्षांची सवलत अवलंबून असते. या मुलाखतीत काय विचारतात, तयारी कशाची करायची आणि भारतीय अर्जदार कुठे अडखळतात, याचा हा आढावा.

‘ग्लोबल एन्ट्री’ म्हणजे काय?

विमानतळावर येणाऱ्या प्रत्येकाची सारखीच कसून तपासणी करण्याऐवजी, ज्यांची पार्श्वभूमी आधीच तपासली आहे अशा ‘कमी जोखमीच्या’ प्रवाशांना वेगळ्या मार्गाने झटपट सोडायचे, ही या योजनेमागची कल्पना. ‘सीबीपी’ या नावाने ओळखले जाणारे अमेरिकेचे सीमाशुल्क व सीमा संरक्षण खाते ती चालवते. २००८ मध्ये काही विमानतळांवर प्रायोगिक सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये योजना कायम करण्यात आली. सदस्य प्रवासी मोठ्या रांगेत न जाता स्वतंत्र यंत्रासमोर उभा राहतो, चेहऱ्यावरून ओळख पटते आणि बहुतेक वेळा तो काही मिनिटांत बाहेर पडतो. २०२३ पासून मोबाइल अॅपचीही सोय आहे.

सदस्यत्व पाच वर्षांचे असते. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे शुल्क १०० वरून १२० डॉलर झाले. अर्ज फेटाळला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही. सदस्यांना अमेरिकेतील देशांतर्गत विमानप्रवासासाठी ‘टीएसए प्रीचेक’ ही सुरक्षा तपासणीची सुलभ रांगही मिळते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवी. ग्लोबल एन्ट्री म्हणजे व्हिसा नव्हे आणि प्रवेशाची हमीही नव्हे. भारतीय पारपत्रधारकाला वैध व्हिसा लागतोच, आणि सदस्य असला तरी त्याला बाजूला घेऊन चौकशी करण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे कायम असतो.

भारतीयांसाठी प्रक्रिया वेगळी का?

भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबतचा सामंजस्य करार जून २०१६ मध्ये झाला. जुलै २०१७ मध्ये भारतीय नागरिकांसाठी योजना खुली झाली आणि अमेरिकेतील तेव्हाचे भारतीय राजदूत नवतेज सरना हे पहिले भारतीय सदस्य ठरले.

अमेरिकी नागरिकाची तपासणी अमेरिकी यंत्रणाच करतात. भारतीय नागरिकाची तपासणी मात्र दोन्हीकडे होते. अमेरिकी संकेतस्थळावर अर्ज करण्याशिवाय ‘पासपोर्ट सेवा’ पोर्टलवर ‘जीईपी’साठी, म्हणजेच ग्लोबल एन्ट्रीसाठीच्या पार्श्वभूमी पडताळणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पारपत्र काढताना होते तशीच पोलीस पडताळणी येथेही महत्त्वाची असते.

अनेकांचा अर्ज अडकतो तो याच टप्प्यावर. पारपत्रावर सांगलीचा किंवा नाशिकचा पत्ता, प्रत्यक्ष वास्तव्य पुण्यात भाड्याच्या घरात आणि आधार कार्डावर तिसराच पत्ता, अशी स्थिती नोकरीनिमित्त शहर बदललेल्यांमध्ये सर्रास आढळते. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर सापडला नाही तर पडताळणी रखडते. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी सध्याचा पत्ता, नोंदणीकृत भाडेकरार आणि ओळखपत्रे यांचा मेळ घालणे ही मुलाखतीच्या तयारीची खरी पहिली पायरी आहे.

दोन्हीकडची प्राथमिक तपासणी समाधानकारक झाली की ‘सशर्त मंजुरी’चे पत्र अर्जदाराच्या ऑनलाइन खात्यात येते. त्यानंतरच मुलाखत होते. पत्रातल्या मुदतीत ती पूर्ण झाली नाही तर पुन्हा नव्याने अर्ज आणि नव्याने शुल्क भरावे लागते.

मुलाखत कुठे आणि कशी होते?

दोन मार्ग आहेत. अमेरिकेतील नोंदणी केंद्रावर आगाऊ वेळ घेऊन जाणे हा पहिला. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तो सोयीचा असला तरी मोठ्या शहरांत वेळ मिळण्यासाठी बरीच वाट पाहावी लागू शकते. कोणी वेळ रद्द केली की ती पोर्टलवर पुन्हा दिसते, त्यामुळे अधूनमधून पाहत राहिल्यास लवकरची तारीख हाती लागू शकते.

दुसरा मार्ग भारतातून जाणाऱ्यांसाठी अधिक उपयोगाचा आहे. सशर्त मंजुरी हाती असेल तर अमेरिकेत उतरल्यावर, इमिग्रेशनच्या वेळीच मुलाखत देता येते. तिला ‘एन्रोलमेंट ऑन अरायव्हल’ म्हणतात. आगाऊ वेळ घ्यावी लागत नाही. न्यूअर्क, न्यूयॉर्कचा जेएफके, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा मोठ्या विमानतळांवर ही सोय आहे. मात्र ती प्रत्येक विमानतळावर आणि प्रत्येक वेळी नसते. पुढचे विमान पकडायचे असेल तर मध्ये पुरेसा वेळ हवा. सोय आहे म्हणून दीड तासाच्या अंतराने जोडविमान घेणे धोक्याचे ठरते.

सोबत काय न्यावे?

वैध पारपत्र आणि त्यावरील व्हिसा अर्थातच हवा. जुन्या पारपत्रात व्हिसा असेल तर दोन्ही पारपत्रे न्यावीत. ग्रीन कार्ड असल्यास ते. सशर्त मंजुरीच्या पत्राची छापील प्रत. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून वाहन परवाना, वीजबिल, घराचा भाडेकरार किंवा गृहकर्जाचे विवरणपत्र यांपैकी काही. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी नोकरीसंबंधीची कागदपत्रेही हाताशी ठेवलेली बरी.

ही कागदपत्रे हातातल्या बॅगेत असावीत. इमिग्रेशन आधी होते आणि चेक-इन केलेली बॅग नंतर मिळते. बॅगेत ठेवलेले पत्र मुलाखतीच्या वेळी उपयोगाचे नसते. सगळे कागद फक्त मोबाइलमध्ये ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण इमिग्रेशन कक्षात फोन वापरण्यावर निर्बंध असतात.

कोणते प्रश्न विचारले जातात?

बहुतेक प्रश्न साधे असतात. ग्लोबल एन्ट्री कशासाठी हवी? कुठे राहता? काय काम करता? अमेरिकेत किती वेळा येता? गेल्या काही वर्षांत कोणत्या देशांत गेला होता? कधी अटक झाली आहे का? कधी सीमाशुल्काचा दंड भरला आहे का? त्यानंतर दहा बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. सदस्यांच्या रांगेत काय करायचे, काय जाहीर करायचे, याचीही माहिती काही वेळा दिली जाते.

ही मुलाखत इंग्रजीची परीक्षा नाही आणि व्हिसाच्या मुलाखतीसारखी ‘परत जाणार का’ एवढ्यापुरतीही नाही. अधिकाऱ्यासमोर अर्जदाराने भरलेला अर्ज असतो आणि सरकारी नोंदीही असतात. अर्जात लिहिलेले, नोंदीत असलेले आणि तोंडाने सांगितलेले या तिन्ही गोष्टी जुळतात का, हे तेथे पाहिले जाते. म्हणूनच पाठ केलेल्या उत्तरांचा फारसा उपयोग होत नाही. स्वतःचाच अर्ज मुलाखतीच्या आदल्या दिवशी शांतपणे वाचणे अधिक उपयोगाचे.

अर्जात मागील पाच वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या द्याव्या लागतात, तसेच त्या काळात कोणत्या देशांत प्रवास केला हेही सांगावे लागते. मध्ये सहा महिने नोकरी नसेल तर तसे नमूद करावे. त्यात कमीपणा काही नाही, पण कालावधी कोरा सोडला तर प्रश्न उपस्थित होतो. दुबईतील दोन दिवसांचा मुक्काम किंवा कार्यालयाच्या कामासाठी केलेली सिंगापूरची फेरी अनेक जण विसरतात. पारपत्रावरचे शिक्के समोर ठेवून यादी केल्यास ही चूक टळते. एखादा प्रश्न समजला नाही तर अंदाजाने ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणण्यापेक्षा पुन्हा विचारण्याची विनंती करणे केव्हाही चांगले.

मराठी नावांची अडचण काय?

मराठी नावाची रचना अमेरिकी अर्जाच्या चौकटीत सहज बसत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी आपली पद्धत. भारतीय पारपत्रात मधले नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात असते. विमानाच्या तिकिटावर ते कधी असते, कधी नसते. बँकेत आणि वाहन परवान्यावर नुसते आद्याक्षर असते.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हा गुंता वाढतो. पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावावर, पारपत्र सासरच्या नावावर आणि आधीचा अमेरिकी व्हिसा माहेरच्या नावाने घेतलेला, असे घडते. अर्जात पूर्वी वापरलेली नावे विचारली जातात. तेथे माहेरचे पूर्ण नाव द्यायलाच हवे. ते न देणे ही साधी विसर असली तरी नोंदी तपासणाऱ्याला ती माहिती दडवल्यासारखी दिसू शकते. अर्जातले नाव पारपत्रात जसे छापले आहे तसेच, अक्षरनिहाय भरावे आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी.

जुना खटला किंवा दंड असेल तर?

सदस्यत्व नाकारण्याची कारणे ‘सीबीपी’ने जाहीर केलेली आहेत. अर्जात खोटी किंवा अपुरी माहिती देणे, गुन्ह्यात दोषी ठरणे, खटला प्रलंबित असणे, अटक वॉरंट असणे, चौकशी सुरू असणे, कोणत्याही देशाच्या सीमाशुल्क, इमिग्रेशन किंवा कृषीविषयक नियमांचा भंग केलेला असणे, ही त्यांतली प्रमुख. शिवाय अर्जदार कमी जोखमीचा आहे याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढे कारणही पुरते.

यादीतले पहिले कारण सर्वांत महत्त्वाचे. महाविद्यालयीन काळातील आंदोलनात नोंदलेला गुन्हा, सोसायटीतील भांडणातून झालेली पोलीस तक्रार, नंतर मागे घेतलेला कौटुंबिक खटला, अशा गोष्टी ‘आता मिटल्या’ म्हणून लोक सांगत नाहीत. त्या मिटल्या असल्या तरी नोंद राहिलेली असू शकते. कोणत्याही अटकेची किंवा शिक्षेची माहिती विचारल्यावर ती सांगावी आणि न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत, आवश्यक तर इंग्रजी भाषांतरासह, सोबत न्यावी. जुनी बाब सांगितल्याने अर्ज फेटाळला जाऊ शकतो, हे खरे. पण ती लपवल्याचे उघड झाले तर प्रश्न फक्त ग्लोबल एन्ट्रीपुरता राहत नाही. चुकीची माहिती दिल्याची नोंद पुढच्या व्हिसा अर्जालाही भोवू शकते. खटला प्रलंबित असेल तर घाईने अर्ज करण्यापेक्षा आधी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

आंबा आणि तांदळाचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. कृषीविषयक नियमांचा भंग हे सदस्यत्व नाकारण्याचे किंवा रद्द करण्याचे कारण ठरते आणि भारतीय घरांतून निघालेल्या बॅगांत नेमक्या याच वस्तू असतात.

ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता प्रवाशाने भारतातून अमेरिकेत नेता येत नाही. हापूसही नाही. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि त्या पहिल्या हंगामात आंब्यावर लासलगावच्या केंद्रात प्रक्रिया झाली होती. व्यापारी मार्गाने जाणारा आंबा वेगळा आणि बॅगेत घातलेली डझनभर फळे वेगळी. खापरा या साठवणुकीच्या धान्यातील किडीच्या भीतीने प्रवाशांच्या सामानातून भारतातला तांदूळ नेण्यासही मनाई आहे. नातवासाठी नेलेला पाच किलो आंबेमोहोर म्हणूनच अडचणीत आणू शकतो.

नियम किती कडक असू शकतो, याचे उदाहरण २०१८ मध्ये गाजले. पॅरिसहून आलेल्या एका अमेरिकी महिलेच्या पिशवीत विमानात खायला मिळालेले सफरचंद सापडले. ते जाहीर न केल्याबद्दल तिला ५०० डॉलरचा दंड झाला. आपले ग्लोबल एन्ट्री सदस्यत्वही गेले, असे तिने सांगितले होते.

सोपा नियम असा, की खाण्याची कोणतीही वस्तू असेल तर ती जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर अधिकारी ती काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो आणि नोंदही राहते. १० हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम सोबत असेल तर तीही जाहीर करावीच लागते. मुलाखतीत ‘खाद्यपदार्थ आणता का’ असा प्रश्न आला तर ‘कधीच नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘आणतो आणि जाहीर करतो’ हे खरे उत्तर अधिक विश्वासार्ह ठरते.

लहान मुले आणि ज्येष्ठांचे काय?

या योजनेत कुटुंबासाठी एकत्र सदस्यत्व नाही. तान्ह्या बाळालाही स्वतःचे सदस्यत्व लागते. आईवडील सदस्य आहेत आणि मूल नाही, तर पूर्ण कुटुंबाला नेहमीच्या रांगेत जावे लागते. पालक सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील तर १८ वर्षांखालील मुलांचे शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. मुलाखतीला मुलासोबत पालकाने असणे आवश्यक असते.

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत अनेकदा अर्ज मुलगा किंवा सून भरते आणि मुलाखत मात्र सासू-सासऱ्यांना द्यायची असते. अर्जात काय लिहिले आहे हेच त्यांना ठाऊक नसते. निवृत्तीपूर्वीची नोकरी, सध्याचा पत्ता, आधीच्या भेटी यांची उत्तरे अर्जापेक्षा वेगळी आली तर विनाकारण संशय निर्माण होतो. अर्जाची छापील प्रत त्यांना मराठीत समजावून सांगणे, ही या वेळी घरच्यांची जबाबदारी.

अर्ज फेटाळला गेला तर?

कारण ऑनलाइन खात्यात कळवले जाते, पण ते बहुधा एका ओळीत असते. चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीमुळे निर्णय झाला असे वाटत असेल तर त्याच पोर्टलवरून फेरविचाराची विनंती करता येते आणि कागदपत्रे जोडता येतात. सदस्यत्व नाकारले म्हणजे व्हिसा रद्द झाला असे नव्हे.

मात्र ही सवलत आहे, हक्क नव्हे, हे विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी प्रशासनाने न्यूयॉर्क राज्याशी वाहन परवान्यांच्या माहितीवरून झालेल्या वादात त्या राज्यातील सर्व रहिवाशांचे नवे अर्ज आणि नूतनीकरण थांबवले होते. ती बंदी जुलैमध्ये उठली. स्वतःच्याच नागरिकांबाबत असे होऊ शकते, तर परदेशी सदस्यांनी ही सोय कायमची गृहीत धरणे योग्य नाही.

भारताची अशी योजना आहे का?

आहे. ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ जून २०२४ मध्ये दिल्ली विमानतळावर सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर पोहोचला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी तो आहे. ऑनलाइन अर्ज, पडताळणी आणि मग बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी एक भेट, असा त्याचा क्रम आहे. नोंदणी पाच वर्षे किंवा पारपत्राची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर वैध राहते. सुरू करताना सरकारने त्यासाठी शुल्क ठेवले नाही.

या दोन योजनांचा परस्परांशी संबंध नाही. एकाचे सदस्यत्व दुसरीकडे चालत नाही. मुंबईतील स्वयंचलित गेटमधून लवकर बाहेर पडायचे असेल तर भारतीय योजना आणि न्यूअर्कची रांग टाळायची असेल तर अमेरिकी योजना, असे दोन वेगळे अर्ज करावे लागतात.

अर्ज करावा की नाही?

वर्षातून एक-दोनदा अमेरिकेत जाणाऱ्यांना १२० डॉलर आणि कागदपत्रांची धावपळ परवडते. तीन-चार वर्षांतून एकदा मुलांकडे जाणाऱ्यांना मिळणारा फायदा तुलनेने कमी आहे. त्याबदल्यात दोन सरकारांना आपली पाच वर्षांची माहिती आणि बोटांचे ठसे द्यायचे, हाही विचार व्हायला हवा.

अर्ज करायचाच असेल तर तो ‘डॉट जीओव्ही’ने संपणाऱ्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. ‘मंजुरीची खात्री’ देऊन जादा पैसे घेणाऱ्या मध्यस्थांकडे तशी खात्री देण्याचा कोणताही मार्ग नसतो. उलट त्यांनी अर्जात भरलेल्या चुकीचे उत्तर मुलाखतीत अर्जदारालाच द्यावे लागते. सदस्यत्व मिळाल्यानंतर पारपत्र बदलले तर त्याची नोंद खात्यात करावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो.

मुलाखतीच्या खोलीत नवे काही घडवायचे नसते. अर्ज भरतानाच पत्ता, नाव, प्रवास आणि जुन्या नोंदी प्रामाणिकपणे जुळवल्या असतील तर ती दहा मिनिटे औपचारिकतेची ठरतात. त्या जुळवल्या नसतील तर कितीही सफाईदार इंग्रजी कामाला येत नाही.